द्याल ते

तनुजा सातपुते दिवसाला साठ माणसांना आकडे वाचून दाखवायची. हीच तिची नोकरी होती. समोर खुर्ची, खुर्चीत माणूस, त्याच्या दोन बोटांना दोन चिमटे, डोळ्यांवर रोखलेला बारीकसा कॅमेरा, आणि टेबलाच्या अलीकडे तनुजा. ती म्हणायची, "सहाशे चाळीस." तीन सेकंदांच्या आत म्हणायची, "सहाशे तीस." मग सहाशे वीस. खुर्चीतल्या माणसानं बोलायचं नसे, नुसतं ऐकायचं. कुठल्या तरी आकड्याला पडद्यावरची हिरवी रेघ टुणकन उडायची, घंटी वाजायची, आणि तनुजा त्या माणसाला पुढच्या खिडकीवर सही करायला पाठवायची.

रेघ जिथं उडाली त्याच्या आधीचा आकडा म्हणजे त्या माणसाचा तळ. कागदावर त्याला 'स्वीकार्य वेतनाची निम्नतम मर्यादा' असं भारदस्त नाव होतं, पण गावाला तेवढा वेळ नव्हता. त्या तळावर कायद्यानं एक रुपया चढवायचे आणि त्याला 'सन्मानाचा रुपया' म्हणायचे. तळ अधिक रुपया, झाली रोजची मजुरी. पंचगंगेच्या काठच्या त्या मागांच्या गावात चहाच्या गाड्यावर लोक पूर्वी एकमेकांना रक्तातली साखर किती आली ते विचारायचे, आता तळ किती आला ते विचारायचे.

यंत्राचं शास्त्र अगदी साधं होतं. माणूस तोंडानं 'नाही' म्हणतो त्याच्या क्षणभर आधी त्याचं शरीर ते म्हणून मोकळं झालेलं असतं. डोळ्यांची बाहुली किंचित फाकते, बोटांच्या टोकांना घाम फुटतो, गळ्याचा स्नायू आवळतो. घासाघीस करताना माणूस थापा मारतो, चारशेला तयार असला तरी सहाशे मागतो. शरीराला ही अक्कल नसते. आकडा ऐकला की ते खरं काय ते सांगून टाकतं, आणि यंत्र तेवढंच टिपून घेतं. सुरुवातीला आकडेही यंत्रच वाचायचं. पण यंत्राच्या आवाजाला माणसं मनातल्या मनात फाडकन 'नाही' म्हणून टाकायची. यंत्राला नाही म्हणायला कोण भितो? म्हणून आकडे वाचायला माणसं नेमली, आणि त्यातच तनुजाची वर्णी लागली.

हे सगळं चार वर्षांपूर्वी सुरू झालं. सरकारनं प्रयोग म्हणून तीन तालुक्यांतून किमान वेतनाचा कायदा उठवला आणि 'समतोल' नावाच्या कंपनीला मोजणीचं काम दिलं. कंपनीचे प्रमुख डॉ. नाईकनवरे स्वतः गावात येऊन बोलले. माणूस मोठा गोड. त्यांचं म्हणणं असं की किमान वेतन हा दाराचा उंबरठा आहे. तो उंच केला की धडधाकट माणसं ओलांडून आत जातात. म्हातारी, अडाणी, नवशिकी बाहेरच राहतात. उंबरठा खाली आणा, सगळी आत येतील. कुणाचा उंबरठा किती हवा ते आम्ही मोजून देतो.

आणि सगळी आली की आत! या माणसाला खोटारडा म्हणायची सोय नाही, हेच त्यातलं दुखणं आहे. पहिल्या वर्षी बेकारी निम्म्यावर आली, तिसऱ्या वर्षी औषधालाही बेकार माणूस मिळेना. पूर्वी एकाच्या मजुरीवर चार तोंडं जेवायची. आता त्याच चार तोंडांसाठी तिघांना कामाला जावं लागायचं. आई गेली, सून गेली, निवृत्त झालेला काका काठी टेकत गेला, आणि जो जो गेला त्याची त्याची एक नोकरी मोजली गेली. हात इतके स्वस्त झाले की मालकांनी यंत्रं भंगारात काढली. तिथंही माणसं लागली. उपाशी राहायची सोय नाही म्हणून कामाला आलेला माणूस आणि काम मिळालं म्हणून आनंदानं आलेला माणूस, दोघेही तक्त्यात एकाच रकान्यात बसतात. केंद्राच्या दारावर मोठा फलक होता. आज नोंदलेल्या नोकऱ्या किती, तो आकडा त्यावर दिवसभर वाढत राहायचा.

तनुजाला हे दिसत नव्हतं असं नाही. पण एम. कॉम. होऊन ती पाच वर्षं घरी बसली होती आणि ही खुर्ची तिला याच कायद्यानं दिली होती. तिचाही तळ मोजला होता, तीनशे ऐंशी. दर सहा महिन्यांनी फेरमोजणी व्हायची आणि दर वेळी तो घसरायचा. हातात नोकरी आल्यावर ती जाण्याची भीतीही आली होती, आणि रेघेला ती भीती बरोब्बर कळायची. आता तो दोनशे सत्तरवर होता. आई एका गोदामात टॉवेलांच्या घड्या घालायला जायची. आप्पांना मात्र त्या खुर्चीत बसू द्यायचं नाही, असं तनुजानं मनाशी पक्कं केलं होतं.

आप्पा म्हणजे मल्लाप्पा सातपुते, गावातले नावाजलेले वहिफणी कामगार. मागावर नवं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, चढलं की त्याचे अडीच हजार धागे एकेक करून आधी वहीच्या तारांच्या डोळ्यांतून आणि मग फणीतून ओवावे लागतात. एक धागा चुकला तर सगळ्या कापडभर रेघ उमटते. आप्पांचा धागा चाळीस वर्षांत चुकला नव्हता. बोटं चालवताना ते खालच्या सुरात मोजत राहायचे, आणि तनुजा लहानपणी त्यांच्या मांडीशी बसून त्या मोजण्यावरच आकडे शिकली होती.

त्यांनी उभ्या जन्मात आपल्या कामाचा भाव सांगितला नाही. मालकानं विचारलं, "मल्लाप्पा, किती द्यायचे?" की मान खाली घालून एकच उत्तर: "द्याल ते." ऐकणारा ओशाळायचा. चालू दरापेक्षा कमी द्यायची त्याची छातीच व्हायची नाही; पाच-पन्नास वरच पडायचे. एका मालकानं एकदा खरोखरच कमी दिले. आप्पांनी ते मुकाट घेतले, नमस्कार केला, आणि त्याचं पुढचं बीम आठ दिवस तसंच पडून राहिलं. नवव्या दिवशी तो घरी आला. आप्पांच्या 'द्याल ते'मध्ये एक मोठा 'नाही' लपलेला असायचा आणि तो गावाला ऐकू यायचा.

मधल्या काळात धागे जोडणारी मशीनं आली आणि आप्पा घरी बसले. आता मजूर मशीनपेक्षा स्वस्त पडू लागल्यावर मशीनं गेली आणि वहिफणीला पुन्हा माणसं हवी झाली. ही बातमी कळली त्या दिवशी आप्पा गोड खाल्ल्यासारखे हसत घरी आले. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांची विद्या परत आली होती. तनुजानं परोपरीनं समजावलं, आईनं डोळे वटारले, पण त्यांचं एकच, की पोरगी आणि बायको राबतात आणि मी धडधाकट गडी ओट्यावर बसून कावळे मोजू का?

शेवटी तनुजानं ठरवलं की जायचंच असेल तर तयारीनं जाऊ दे. रोज सकाळी न्याहारीला ती त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून आकडे म्हणायची. सहाशेला पोचलं की त्या कमी देणाऱ्या मालकाचं तोंड आठवायचं आणि मनात जोरात 'नाही' म्हणायचं, असं तिनं शिकवलं. आप्पांना ते पोरखेळ वाटायचं, तरी ते करायचे. तिसऱ्या दिवसापासून सहाशेला त्यांची नाडी अशी उसळायला लागली की तनुजाला हसू आलं. केंद्रात आकडे वाचणाऱ्या बाकीच्या मुली फार घाई करायच्या. आप्पा गडबडतील म्हणून तनुजानं त्यांची पाळी स्वतःच्या टेबलावर लावून घेतली. त्यांच्या भल्यासाठी तिनं केलेली ही शेवटची गोष्ट, आणि तिथंच सगळं नासलं.

त्या दिवशी डॉ. नाईकनवरे पाहणीला आले होते आणि नेमके तिच्या खुर्चीमागं उभे राहिले. आप्पा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आले. चिमटे लावून घेताना त्यांनी साहेबांना नमस्कार केला, मग तनुजाकडे पाहिलं, आणि आकडे सुरू व्हायच्या आधीच खालच्या सुरात म्हणाले, "द्याल ते."

बोलायचं नसतं, असं तिनं त्यांना परक्या माणसासारखं सांगितलं आणि सुरुवात केली. सहाशे चाळीस. सहाशे तीस. सहाशेला तिनं डोळे मोठे केले. रेघ हलली नाही. विसरले असतील, पुढच्याला आठवेल. पाचशे नव्वद. पाचशे. आप्पा तिच्याकडे बघत होते, ती शाळेत कविता म्हणायची तेव्हा बघायचे तसे. चारशे. तीन सेकंदांवर थांबलं तर मोजणी बाद, वाचणारा घरी आणि खुर्चीतल्या माणसाला सहा महिने बंदी. मागं साहेबांचा श्वास ऐकू येत होता. पुढच्या आकड्याला उडेल, असं म्हणत म्हणत ती दोनशेवर आली. शंभर. पन्नास. आकडे तीन सेकंदांच्या आत बाहेर पडत राहिले. वीस. दहा. शून्य.

रेघ सपाट राहिली. पडद्यावर अक्षरं आली: तळ आढळला नाही.

असं कधीच झालं नव्हतं. नियमावली चाळली गेली. तळच नाही तर सन्मानाचा रुपया चढवायचा कशावर? शेवटी कुणीतरी कलम शोधून काढलं. तळ न आढळल्यास मजुरी मालकाच्या मर्जीवर राहील, आणि शिवाय उमेदवारानं तोंडानंच तसं सांगितलेलं आहे. आप्पांच्या करारावर मजुरीच्या रकान्यात छापून आलं, 'द्याल ते'. आप्पांनी ते वाचलं आणि त्यांना बरंच वाटलं.

बाहेर आल्यावर तनुजानं त्यांना जवळजवळ ओरडूनच विचारलं, की रोज घोकून घेतलं ते गेलं कुठं.

आप्पा गोंधळून म्हणाले, "अगं, तू इचारत हुतीस. तुझा सायेब मागं हुबा. पोरीसंगं भाव करू व्हय मी?"

मालक नवा होता, परगावचा. पहिल्या आठवड्याला त्यानं आप्पांच्या हातावर रोजचे पंचवीस आणि दोन वेळचा चहा ठेवला. आप्पांनी नेहमीसारखे ते मुकाट घेतले, नमस्कार केला, आणि दुसऱ्या दिवसापासून घरी बसले. नवव्या दिवशी मालक येईल असा त्यांचा हिशेब होता. मालकाऐवजी तिसऱ्याच दिवशी केंद्राची नोटीस आली. करार सहा महिन्यांचा असतो. घरातल्या एकानं काम टाकलं की घरातल्या सगळ्यांची फेरमोजणी होते.

आई नोटीस हातात धरून भिंतीला टेकून बसली. तिचा तळ आधीच एकशे चाळीस होता. तनुजानं तिच्या हातातून नोटीस घेऊन पुन्हा वाचली. मग म्हणाली, "आप्पा, जावं लागतंय."

"तू म्हणतीस तर जातो की," आप्पा म्हणाले आणि चपला शोधू लागले. तनुजाला त्या क्षणी स्वतःची शिसारी आली. पण तिनं त्यांना थांबवलं नाही.

पुढच्या आठवड्यात डॉ. नाईकनवऱ्यांनी तिला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर आप्पांच्या मोजणीचा कागद होता आणि त्यांना त्या सपाट रेघेनं झपाटलं होतं. सव्वा लाख माणसं मोजली, असा एक नाही. त्यांनी तिला चहा पाजला, आपले वडीलही हमाल होते ते सांगितलं, आणि विचारलं की या गृहस्थांत असं काय आहे? तनुजाची फेरमोजणी चार दिवसांवर आली होती. शिवाय तिला वाटलं की खरं कारण कळलं तर मोजणी सदोष ठरेल, रद्द होईल, आणि आप्पा त्या पंचविसातून सुटतील.

ती म्हणाली, "त्यांच्यात काही नाही सर. मी त्यांची मुलगी आहे. मला ते नाही म्हणत नाहीत."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढून ते वाक्य लिहून घेतलं आणि तिचे आभार मानले. अगदी मनापासून मानले.

मोजणी रद्द झाली नाही. दोन महिन्यांत नवी पद्धत आली, 'घरचा आवाज'. उमेदवारानं येताना घरचं माणूस आणायचं आणि आकडे त्यानं वाचायचे. बायकोसमोर नवरे बसले, सासूसमोर सुना बसल्या. नुकतंच वाचायला शिकलेली पोरं बोट ठेवून आकडे वाचू लागली आणि समोर त्यांच्या आया हसऱ्या चेहऱ्यानं बसून राहिल्या. गावाचा तळ एका महिन्यात चाळीस टक्क्यांनी खाली गेला. वाचणाऱ्यालाही त्या दिवसापुरती मजुरी द्यायची होती, म्हणजे तीही नोकरीच. फलकावरचा आकडा दुप्पट वेगानं पळू लागला. राजधानीतून माणसं ते पाहायला आली. डॉक्टरांनी आपल्या अहवालात तनुजाचं नाव आवर्जून घातलं. ते तळटीपेत आलं.

घरचीच माणसं वाचू लागल्यावर केंद्रातल्या पगारी वाचणाऱ्यांची गरज उरली नाही. सहाच्या सहा जणींना एकाच दिवशी प्रशस्तिपत्र देऊन मोकळं केलं. तनुजा पंधरा दिवस घरी बसली. त्यानंतर कायद्याप्रमाणे तिला नव्या कामासाठी मोजणीला बोलावणं आलं. घरचा आवाज म्हणून केंद्रानं परस्पर मल्लाप्पा सातपुते यांना नेमलं होतं. आवाजाचे किती घेणार, असं खिडकीवर त्यांना विचारलं गेलं होतं, आणि त्यांनी काय सांगितलं असेल ते निराळं सांगायला नको.

ज्या टेबलाशी ती इतकी वर्षं बसली तिथं आता आप्पा बसले होते. नाकावर चष्मा, हातात आकड्यांचा कागद. तीन सेकंदांचा नियम त्यांना दोनदा समजावून झाला होता. तिच्या बोटांना चिमटे लागले. या खुर्चीतून खोली वेगळी दिसते हे तिला ठाऊक होतं. दर सहा महिन्यांनी ती इथं बसली होती. पण समोरचं माणूस तेव्हा परकं असायचं.

आज मात्र तिनं तयारी केली होती. तीनशेच्या खाली जायचंच नाही. चपलेत अंगठ्याखाली तिनं टाचणी ठेवली होती; आकडा आला की दाबायची, म्हणजे घाम फुटेल, रेघ उडेल. ही युक्ती तिनं याच खोलीत दुसऱ्यांची पकडून दिलेली होती.

"चारशे," आप्पा म्हणाले. "तीनशे नव्वद. तीनशे ऐंशी."

ते त्याच खालच्या सुरात मोजत होते. वहीतून धागा, फणीतून धागा. तनुजाच्या खांद्यांचा ताण तिच्या नकळत उतरला. तीनशेला तिनं टाचणीवर अंगठा दाबला. दुखलं, पण कुठंतरी लांब दुखल्यासारखं. रेघ हलली नाही. दोनशे ऐंशी. दोनशे साठ. नाही म्हण, ती स्वतःला बजावत होती, आणि आतून तिला एवढंच वाटत होतं की आप्पा मोजताहेत, चुकायचे नाहीत.

दोनशेला त्यांचा आवाज अडला.

त्यांनी कागदावरून मान वर केली. इतका वेळ ते धागे मोजावेत तसे आकडे मोजत आले होते. आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि आपण काय मोजतोय ते त्यांना कळलं. त्यांचे ओठ हलले. पुढचा आकडा बाहेर पडेना. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एक घर पुढं गेला. तनुजाला नियम तोंडपाठ होते. तिसऱ्या सेकंदाला मोजणी बाद, दोघांनाही दंड, सगळ्या घराची फेरमोजणी, आणि आईपुढं आकडे वाचायला परत आप्पाच. काटा आणखी एक घर सरला. आप्पांचं बोट कागदावरच्या पुढच्या आकड्यावर अडून बसलं होतं. चाळीस वर्षांत ज्यांच्या हातून एक धागा सुटला नाही, त्यांचं बोट.

"आप्पा, र्‍हाऊ द्या," तनुजा म्हणाली. मग चिमटे लावलेला हात मांडीवर ठेवून, खाली मान घालून, ती यंत्राकडे वळून म्हणाली, "द्याल ते."

ते शब्द यंत्राला आता ओळखीचे झाले होते. मल्लाप्पांनंतर या शब्दांसाठी खास कलम घातलं गेलं होतं. रेघेची वाट न पाहता घंटी वाजली आणि शेजारच्या फटीतून करार बाहेर आला. आप्पा तो चष्म्याजवळ धरून वाचत राहिले. त्यांचेच शब्द छापलेले होते. या वेळी त्यांना बरं वाटलं नाही.

दोघांनी पुढच्या खिडकीवर सह्या केल्या आणि बाहेर पडले. रांगेतल्या एका बाईनं किती आला म्हणून विचारलं, तेव्हा आप्पांनी कराराची घडी खिशात घातली. दारावरच्या फलकावर आज नोंदलेल्या नोकऱ्यांचा आकडा तेवढ्यात दोननं वाढला होता. एक तनुजाची, आणि एक तिला आकडे वाचून दाखवल्याबद्दल आप्पांची.